माशाखालचा भात

दि. ४ जून

चि. टिटवीस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये आणि तू आईकडे, हे कळल्यापासून मला घास गोड लागत नाही. जिना उतरताना मोबाइल बघू नये, हे मी किती वेळा सांगितलं होतं, ते असो. तुझी वर्तमानपत्रातली नोकरी अजून कायम व्हायची आहे, सुशीच्या चांगल्या दुकानांवरचा लेख महिनाअखेर द्यायचा आहे, तेव्हा तुझ्याऐवजी मी शहराच्या तीन भागांत जाऊन खाऊन यावं, असं तू लिहितेस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून सगळं पत्रानेच कळवीन.

पण बाळा, कच्चा मासा! चाळीस वर्षं वसतिगृहाच्या मेसमध्ये मी दीडशे मुलांचा भात शिजवला. ताटात काही कच्चं गेलं की आमची शंभर वर्षं भरायची. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, चांगल्या दुकानात खुशाल खा. चांगलं दुकान कोणतं, असं विचारल्यावर हसले. तेच तर शोधायचं आहे! उद्या निघतो. कपाटाची किल्ली कुठे आहे, ते तुझ्या मामाला दाखवून ठेवलं आहे.

पायावर भार देऊ नकोस.
तुझा आबा


दि. ८ जून

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

किल्लीची बातमी मामाने लगेच आईला दिली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, माझ्या बापाला मारून हिला नोकरी टिकवायची आहे. लोक रोज खातात आणि घरी जातात, हे तिला पटत नाही.

तुम्ही फक्त नीट लिहा. मासा ताजा होता का, जिभेवर कसा लागला, सगळं. 'बरा होता' एवढ्यावर भागवू नका.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
टिटवी


दि. १२ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद. वि. वि.

दोन दुकानं झाली. बँकांच्या रस्त्यावरच्या दुकानात बशा पट्ट्यावरून फिरतात. माझी बशी पलीकडच्या गृहस्थांकडे निघाली म्हणून मी उठून तिच्यामागे गेलो. मग कळलं, कोणीही कोणतीही उचलायची. भात फ्रीजमधला. शीत शीत खड्यासारखं. भात थंड केला की तो रुसतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

स्टेशनमागचं दुकान स्वच्छ, मालक गोड बोलणारा. पण भाताची खळ झालेली. हे पाकीट मी त्याच भाताने चिकटवतो आहे. उघडताना तुला दुकान कळेल.

चार-सहा दिवसांत पुलापलीकडे जातो. पाय उशीवर ठेवून झोपत जा.
तुझा आबा


दि. १६ जून

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट आईने कात्रीने उघडलं. पत्र वाचून दोघी हसलो, आणि मग मला घाम फुटला. आबा, पत्रभर भात आहे. मासा कुठे आहे? शितावरून भाताची परीक्षा होते, माशाची नाही.

खरं सांगा, मासा खाल्लात का? नसेल खाल्ला तर रागावणार नाही. संपादकांना सांगेन, लेख जमत नाही. काल त्यांचा फोन आला होता. या लेखावरच माझं ठरणार आहे. पण न खाल्लेल्या माशाचं वर्णन मनाने रचून मी लिहिणार नाही.

तुमचीच,
टिटवी


दि. १९ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद. वि. वि.

नाही खाल्ला. दोन्हीकडे मासा उचलून बशीच्या कडेला ठेवला आणि खालचा भात खाल्ला. तुला कळवलं नाही, कारण लाज वाटली.

काल पुलापलीकडे गेलो. शिलाईच्या दुकानाशेजारी सहा स्टुलांची जागा, पन्नाशीची एक बाई एकटी सगळं करते. तिचा भात ताप नसलेल्या लेकराच्या कपाळाइतका कोमट. शितं एकमेकांना धरून, तरी प्रत्येक वेगळं. मी विचारलं, तांदूळ किती पाण्यांनी धुता? तिथून आमचं जे सुरू झालं ते गरम भाताला वारा पुठ्ठ्याने घालावा की पंख्याने इथपर्यंत गेलं. मग तिचं लक्ष मी इथेही कडेला ठेवलेल्या माशाच्या तीन तुकड्यांकडे गेलं. रागावली नाही. म्हणाली, आजोबा, हा भात मी या माशासाठीच केला होता. तुमच्या मेसमध्ये कोणी भाजी टाकून भाताची तारीफ केली असती, तर तुम्हाला गोड लागलं असतं का?

मी तिला तुझ्या नोकरीचं सांगितलं. तिने ताजा तुकडा कापला, भातावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता ओटा पुसत राहिली. मी डोळे मिटून खाल्ला. आज दुसरा दिवस, पोट ठीक आहे. आईला आधी हे सांग. उद्या त्या दोन दुकानांत परत जातो. त्यांचा मासा न खाता त्यांना नावं ठेवणं बरं नाही. परवा कळवतो, तोवर त्यांच्याविषयी एक ओळ लिहू नकोस.

तुला वर्णन हवं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, शब्द कुठून आणू? वास नव्हता. चावायच्या आत भाताबरोबर विरघळला. बाईने विचारलं, कसा आहे. मी बोललो नाही. तिने पुन्हा विचारलं, तरी नाही. मेसमध्ये मुलं जेवताना सारखी कलकल करायची. एखाद्या दिवशी अचानक सगळी गप्प व्हायची, आणि आत आम्ही हातातलं काम थांबवून एकमेकांकडे बघायचो, की आज जमलं. तसा मी गप्प बसलो होतो. हे छापण्यासारखं आहे का, ते तू बघ.

म्हाताऱ्यावर जीव असू दे.
तुझा आबा