नेहमीप्रमाणे अठरावर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मी ठीक, पण मन विटलंय.

पेटंट कचेरीत माझ्या टेबलावर एक अर्ज आलाय. प्रसिद्ध झालेला आहे, म्हणून तुला लिहितो. माणसाचं जनुक जिवाणूत घालून नवजात बाळांच्या चाचणीसाठी प्रथिन करायचं आणि त्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जिवाणू वाढवायच्या पेटीचं तापमान सदतीस अंशांवरून अठरावर आणायचं. झाला शोध! या कामातल्या साध्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का, एवढंच मी ठरवायचं. सुचलं असतं, तर पेटंट नाही. वकील म्हणतो, कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पेटंट दिलं, तर इस्पितळांना हे प्रथिन स्वतः करता येणार नाही. शुक्रवारी सही करायची आहे. नाकारायला जुना छापील पुरावा हवा, आणि तो सापडत नाही. शोधक कोण, तर तुझे प्रयोगशाळेतले जुने साहेब! शिसारी आली बघ.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा तुझ्यासारखाच कुरकुरतो.

अरे, प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायची, की गुठळ्या दिसल्या तर पेटी अठरावर ठेवा आणि खुशाल घरी जा. एकदा शोधनिबंधात ते लिहिलं, तर साहेब खेकसले, की शेंबड्या पोराला ठाऊक असलेलं छापून हसं करून घ्यायचंय का. मी मुकाट्यानं खोडलं. आता तेच त्यांचा शोध! माझीच मला किळस येते.

त्यांचा प्रबंध मीच टाइप केला होता. त्यातही हे अठराचं होतं, ते खोडल्याचं आठवत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल, बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलं! पान एकशे बारा. साहेबांनी स्वतःच लिहिलंय, की गुठळ्या आढळल्याने पेटी नेहमीप्रमाणे अठरावर ठेवली. काल पेटंट नाकारलं. हे कुणाही साध्या जाणकाराला येतं, असं निकालात लिहिताना डोळ्यांसमोर तूच होतीस.

मग सहज आभाराचं पान उघडलं आणि तोंड कडू झालं. त्यात साहेबांच्या कुत्र्याचंही नाव आहे. तुझं नाही.

पुढच्या रविवारी येतो. तुला ‘साधी जाणकार’ ठरवलं म्हणून रागावलीस तरी दार उघड.

तुझा धाकटा