पंपाचा आवाज ऐकून जेवायला

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायला गुडघे लागत नाहीत, म्हणून पुरता घातला आहे.) आतोबांचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला? मागच्या फोनवर तू खोकत खोकत मला सांगत होतीस की मी तब्येतीकडे दुर्लक्ष करते. आम्ही दोघं ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

तू आम्हाला इथे का पाठवलंस ते तुला आणि मला माहीत आहे. आई गेल्यापासून बाबा ओट्यापाशी उभे राहून, समोर येईल ते जेवतात. पूर्वी प्रत्येक जेवणात एकदा तरी ‘मीठ कमी आहे’ म्हणणारा आणि त्यावरून आईची बोलणी खाणारा माणूस आता कशालाच काही म्हणत नाही. तू म्हणालीस, आठवडाभर समुद्रावर ने, फिरव, चांगलंचुंगलं खायला घाल. माणसात आला तर उत्तम, नाहीतर एक तारखेला टेम्पो येईल आणि माझा भाऊ सामानासकट माझ्याकडे. टेम्पो तू आधीच ठरवलास आणि खोलीलाही रंग दिलास. (आमच्या प्रयोगशाळेत मी मोजमापाची उपकरणं तपासते. तिथे निकाल आधी लिहून मग मोजायला घेणाऱ्याला घरी पाठवतात.) बाबांना विचारलं तर ते ‘चालेल’ म्हणाले. पण परवा हॉटेलात चहाऐवजी चुकून नुसतं गरम पाणी आलं, तेव्हाही ते ‘चालेल’ म्हणाले होते, त्यामुळे तो होकार मी धरलेला नाही.

आता इथे काय काय बघण्यासारखं आहे ते सांगते, कारण तू विचारणारच. समुद्र आहे. तो सतत चालू असतो आणि बंद करायची सोय नाही. हॉटेलसमोरच्या वाळूत आरामखुर्च्यांची रांग आहे, पण सावली नाही, कारण मोठ्या छत्र्या शिवायला टाकल्या आहेत आणि त्या ‘उद्या’ येणार आहेत. हॉटेलचा मॅनेजर हे रोज सकाळी इतक्या प्रसन्नपणे सांगतो की त्याला काल काय सांगितलं होतंस असं विचारायला नको वाटतं. त्याच्याच आग्रहावरून आम्ही काचेच्या तळाच्या होडीत बसलो. बाकीचे प्रवासी काचेतून मासे बघत होते. बाबा उलटे वळून होडीच्या इंजिनाकडे बघत होते. त्यांना काही सांगायचंय असं मला वाटलं. नव्हतं. दीपगृह बघायला गेलो तर ते रंगकामासाठी बंद होतं. शंखशिंपल्यांचं संग्रहालय उघडं होतं, पण तिथल्या बाई आम्हाला बघून इतक्या दचकल्या की आम्ही त्यांची झोप मोडल्याबद्दल माफी मागून, तिकिटं काढून, लगेच बाहेर आलो.

खाण्याचं त्याहून बिकट. समुद्र दिसणाऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या खाणावळीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. (समुद्र तिच्या पलीकडे आहे, हे मला मान्य आहे.) दुसऱ्या एका ठिकाणी काचेच्या टाकीतला मासा आपण निवडायचा, मग तो शिजवून आणतात. बाबा टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. एक मासा त्यांच्यासमोर येऊन थांबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी वेटरने विचारलं, “काका, हाच का?” तर बाबा म्हणाले, “नको, राहू दे त्याला,” आणि आम्ही पाव-लोणी खाऊन परत आलो. तरंगत्या खाणावळीबद्दल मी एवढंच लिहीन की ती तरंगत होती आणि मला ते जेवणभर जाणवत होतं.

अशा रीतीने अर्धा आठवडा गेला आणि टेम्पो मला डोळ्यांसमोर दिसू लागला. मग एका दुपारी आम्ही मागच्या गल्लीतून चाललो होतो, कुठे जेवायचं या प्रश्नावर मी एकटीच बोलत होते, आणि बाबा थांबले. एका भिंतीपलीकडे पाण्याचा पंप चालू होता. बाबांनी मान तिरकी केली. (पंपाच्या कारखान्यात फोरमन म्हणून सगळी नोकरी झालेला माणूस पंपाचा आवाज तसाच ऐकतो, जसा तू शेजारच्या घरातला ऐकतेस.) म्हणाले, “ऐन जेवणाच्या वेळी पंप थांबतच नाही. म्हणजे भांडी सारखी घासली जातायत. म्हणजे गिऱ्हाईक तुटून पडलंय. इथे जेवू.” या सहलीतलं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं. तर्कात मला खोट सापडली नाही. खरं सांगायचं तर मी शोधली नाही.

फाटकातून आत गेलो तर अंगणात एक लांब टेबल आणि त्याभोवती दहाबारा माणसं जेवत बसलेली. पाटी नव्हती, पण बाबांच्या मते चांगल्या जागेला पाटी लागत नाही. आम्हाला पाहताच सगळे गप्प झाले, दोघांनी उठून जागा दिली, आणि एका बाईंनी, न विचारता, माशांचा रस्सा, पाव आणि कांदा आणून ठेवला. सेवा तत्पर आहे अशी मी मनात नोंद केली. बाई पदराला हात पुसत उभ्याच. “कसं वाटतंय साहेब?” बाबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.”

आत्या, मी पाव खाली ठेवला. तू तिथे असतीस तर रडली असतीस. मी पाणी प्यायले.

बाई धावत मीठ घेऊन आल्या. बाबांनी दोनदा रस्सा घेतला, मी बिल मागितलं, आणि बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. “बिल कसलं हो ताई? तुम्ही छत्र्यांचे ना? हॉटेलकडून?” तेव्हा मी पहिल्यांदा मागे वळून नीट पाहिलं. पडवीत शिवणयंत्रं ओळीने मांडलेली, जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे ढीग. ती खाणावळ नव्हतीच. तो छत्र्या आणि शिडं शिवायचा कारखाना होता, माणसं कामगार होती आणि जेवण त्यांचं होतं. उशीर झाला म्हणून हॉटेलने कोणालातरी चौकशीला पाठवलंय, अशा समजुतीने त्यांनी घाबरून आम्हाला आपल्या वाटणीचं वाढलं होतं. मी आम्ही कोण आणि पंप ऐकून आत कसे आलो ते सांगितलं. सगळं टेबल हसायला लागलं. बाईंचे यजमान, ज्यांना तिथे सगळे शिडमास्तर म्हणतात, ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आणि भांडी? भांडी जेवण झाल्यावर घासतात. पंप थांबत नव्हता, कारण त्याची खालची झडप गळकी होती आणि चढवलेलं पाणी पुन्हा विहिरीत उतरत होतं. शिडमास्तर डोळे पुसत म्हणाले, “पंपवाले ना तुम्ही? गळकी झडप ऐकू आली नाही? छान! कारखान्यात काय फक्त हजेरी लावायचात?”

बाबांचे कान लाल झाले. मी त्यांचे कान लाल झालेले फार दिवसांनी पाहिले. ते विहिरीकडे गेले आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली बसले.

त्यानंतरच्या घटना थोडक्यात. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या आधी उठून तिकडे गेले. झडप बदलली. मग शिवणयंत्रं तपासली आणि शिडमास्तरांना सांगितलं की यंत्रांचे त्यांनी हाल केले आहेत. शिडमास्तर म्हणाले, यंत्रं त्यांच्या वडिलांपासून अशीच चालतात. बाबा म्हणाले, वडिलांपासून हाल चालू आहेत. तेव्हापासून दोघं रोज भांडतात आणि रोज एका टेबलावर, बसून, जेवतात. (तू लगेच काय मनात आणशील ते मला कळतं, म्हणून सांगून ठेवते: बाईंचे यजमान हयात आहेत, धिप्पाड आहेत, आणि बाबांचा सगळा वेळ त्यांनीच व्यापला आहे.) बाईंनी रश्श्यात मीठ वाढवून पाहिलं, आता बाबा म्हणतात जास्त झालंय. बाई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही एक दिवस स्वतः करा नि मग बोला.” उद्या ते करणार आहेत. मी हॉटेलात जेवणार आहे.

मी मत देत नाही. निरीक्षणं तुझ्यासमोर आहेत. आतोबांना नमस्कार, खोकल्यावर औषध घे.

तुझी,
भाची

ता. क. टेम्पो रद्द करू नकोस, फक्त पत्ता बदल. नवा पत्ता पाकिटामागे आहे. त्यात बाबांची हत्यारांची राखाडी पेटी, स्वेटर आणि चष्म्याचं दुसरं घर एवढंच मी भरून देईन. कारखान्याच्या वरची खोली ते घेतायत, निदान सगळी यंत्रं ‘माणसात’ येईपर्यंत. (शब्द त्यांचा आहे.) मी त्यांना सरळ विचारलं, आत्याकडे जायचं की इथे राहायचं, दोन्ही चालेल का? ते म्हणाले, “नाही. चालणार नाही. इथेच.” तुला वाईट वाटेल हे त्यांना माहीत आहे, फोन करायला घाबरतायत, म्हणून पत्र माझ्याकडून.

ता. क. दुसरा. मी ठरल्या दिवशी एकटीच परत येते आहे. ओट्यापाशी उभं राहून जेवणारे ते एकटेच नव्हते, हे वर लिहायचं राहून गेलं. तुझ्या खोलीचा रंग आता वाळला असेल, आणि तो वाया जाऊ नये असं मला वाटतं. शनिवारी मुक्कामाला आले तर चालेल का? मीठ कमी असलं तर मी सांगेन.