भात्याची बाजू

१२ मार्च

आदरणीय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. 'इकडे सर्व क्षेम' एवढं लिहायचो आणि कागद फाडायचो. व्यसनमुक्ती केंद्रात क्षेम ते कसलं? पण तब्येत बरी आहे, जेवतो, झोपही अधूनमधून लागते. खालच्या न्हाणीघरातला गळका नळ अखेर दुरुस्त झाला. तुमचे यजमान त्याला 'आमचा तबलजी' म्हणायचे. आता तोही गप्प.

त्यांचा स्वेटर, चष्मा आणि दाढीचं सामान बांधून ठेवलंय. उशीखाली ड्रायव्हरचा बिल्ला सापडला, तोही त्यातच घातलाय. केंद्राची गाडी तुमच्याकडे निघाली की पाठवतो.

आमची जोडी कशी जमली ते त्यांनी सांगितलं असेल, तरी लिहितो. मी दारूच्या नशेत जिन्यावरून पडलो, तेव्हापासून माझा डावा कोपर वाकत नाही. पेटी वाजवायची तर उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर लागतो. शाळेत शिकवायचो तेव्हा प्रार्थनेला रोज वाजवायचो. इथे मात्र हॉलमधल्या पेटीकडे नुसता बघत बसायचो. एकदा तुमचे यजमान पलीकडून येऊन बसले.

"मास्तर, भाता माझ्याकडे द्या. जन्मभर बस चालवलीय. दाबायचं कधी, सोडायचं कधी, एवढं कळतं मला."

पहिल्यांदा असा दाबला की पेटी केकाटलीच. "पहिल्या गिअरात आहे हो अजून," म्हणाले. पण हळूहळू हात बसला. इतका, की मी कुठे थांबणार ते त्यांना माझ्या आधी कळायचं.

संध्याकाळ आम्हा लोकांना वाईट. जीव वरखाली होतो, पाय फाटकाकडे वळतात. त्या वेळी आम्ही पेटीच्या दोन बाजूंना बसायचो. दारू आठवायची नाही असं नाही, पण उठता यायचं नाही. एक उठला की दुसऱ्याचा सूर तुटणार. औषधांनी काय केलं ते डॉक्टर जाणोत, मला या बसण्यानेच सावरलं.

तुम्ही लिहिलंय, "रजेवर घरी आले तेव्हा पडद्याच्या तुटक्या दांडीवरून मी त्यांना टाकून बोलले. बोलले नसते तर ते रागाने बाहेर पडले नसते, प्यायले नसते, आज असते. मास्तर, तुम्ही रोज त्यांच्याजवळ होतात. ते सुधारले होते ना?"

खिडक्यांना नवी जाळी बसवतायत. ठोकाठोक चाललीय, काही सुचू देत नाहीत. जरा थांबतो.

चहा घेऊन आलो. ठोकाठोक केव्हाच थांबलीय, तेव्हा आता सबब नाही.

वहिनी, रजेवर येण्याआधीपासूनच ते पुन्हा पीत होते. धुण्याच्या कपड्यांच्या गाडीबरोबर बाहेर जायचे, तेव्हा कुठेतरी उतरत असावेत. कुणाला संशय आला नाही, तोंडात सतत लवंग असायची. मला कळलं ते भात्यावरून. हात जड पडायला लागला. मध्येच भसकन वारा यायचा, मध्येच काही नाही. लांबवायचा सूर अर्ध्यातच विरायचा.

"मास्तर, आज रंगात नाही वाटतं?" ते विचारायचे.

"बोटं आखडलीत," मी म्हणायचो.

इथला नियम आहे, जोडीदार घसरतोय असं दिसलं तर डॉक्टरीणबाईंना सांगायचं. सांगितलं असतं तर त्यांना वरच्या मजल्यावर वेगळं ठेवलं असतं, रजा मिळाली नसती. आणि माझ्यासमोर भात्याला कुणी उरलं नसतं. मैत्रीखातर गप्प बसलो, असं मनाची समजूत घालत होतो. ते खोटं आहे. मी माझी संध्याकाळ सांभाळली, वहिनी, आणि तुमचा माणूस जाऊ दिला.

तेव्हा ती दांडी मनातून काढून टाका. संसारात माणसं असं बोलतातच. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला होता, तेव्हाच त्यांचा हात कापत होता. तुमचं घर अजून लांब होतं.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "वाजवणं सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

काल वाजवून बघितलं. डावा हात ताठ ठेवून खांद्याने भाता ढकलला. जेमतेम एक सूर निघतो, मग खांदा भरून येतो आणि तोही बसतो. तरी संध्याकाळी तिथून हलत नाही. हललो तर कुठे जाईन ते मला पक्कं माहीत आहे. समोरची त्यांची सतरंजी झाडणाऱ्या बाईंना उचलू दिलेली नाही. मला त्यांची फार आठवण येते. तुम्हाला हे सांगायचा मला काय अधिकार, पण येते.

उत्तर नाही पाठवलंत तरी समजेन. शिव्या लिहून पाठवल्यात तरी शेवटपर्यंत वाचेन. फक्त त्यांच्या फोटोसमोर उभ्या राहाल तेव्हा मान खाली घालू नका. ती मला घालू द्या.

सगळं ऐकू येऊनही वाजवत राहिलेला,
त्यांचा मास्तर