सोमवारी काट्यावर

६ सप्टें., शनिवार
ह्यांना पुण्याहून आणलं. कॅन्सरचे उपचार संपले म्हणजे हॉस्पिटल सुटलं, एवढंच. शिरूरला गाडी बदलताना हे डेपोतल्या बाकावर असे बसले, की एका म्हाताऱ्यानं उठून पाण्याची बाटली दिली. घसा अजून भाजल्यासारखा. डॉक्टरांनी दोनदा बजावलंय: दर आठवड्याला वजन. पन्नासच्या खाली गेलं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. पुढची तारीख २५ ला.

८ सप्टें., सोमवार
काट्यासाठी कुठं जायची गरज नाही. माझ्या अंगणवाडीत आहेच, गरोदर बायांचा. हे अकराला चालत आले, पोरांच्या रांगेत उभे राहिले. ५३.४. मदतनीस शोभाताई म्हणाली, "दाजी, तुमास्नी पन खाऊचं पाकीट देऊ का?" हसले. किती दिवसांनी.
वहीच्या मागच्या पानावर यांचा तक्ता आखला. पोरांच्या तक्त्यात असतो तसा खाली लाल पट्टा, पन्नासला.

१५ सप्टें.
५२.१. वाटीत पेज तशीच. "घशाखाली उतरंना," म्हणाले. मी चिडले. नको होतं चिडायला.
पाटसच्या साखर कारखान्यातून फोन होता. मिलची दुरुस्ती संपत आली, बॉयलर लवकरच पेटणार, ह्यांच्यासारखे फिटर कमी आहेत. ह्यांचा आवाज फुटत नव्हता, तरी "येतो, येतो" चाललेलं.

२२ सप्टें.
५२.६! वाढलं. आज चक्क पॅन्ट घालून आले, वर स्वेटर. एरवी पायजम्यावर हिंडतात. म्हटलं, माणूस जरा नीटनेटका राहायला लागला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय.

२३ सप्टें.
हेच मागं लागले. "वजन वाढतंय नव्हं? मग पंचवीसला कशाला ती फरफट? इचार की." हॉस्पिटलात फोन केला. सिस्टरनं विचारलं, वजन? मी छाती काढून सांगितलं, वाढतंय. मग म्हणाली, महिन्यानं या. हे एवढे खूश झाले, की पाटसला कधी जायचं तेच बोलत बसले.

२९ सप्टें.
५३. तक्त्यावरची रेघ वर चाललीय. मला मात्र बरं वाटत नाही. का ते कळत नाही. ओट्याखालचं कुत्रं भारी माजलंय, दुपारभर तिथंच पडून असतं.

२ ऑक्टो., दसरा
विहारात गेलो. वंदनेला हे मागच्या भिंतीला टेकून बसले. पांढरा शर्ट, गेल्या वर्षीचाच. कॉलरमध्ये माझी दोन बोटं सहज जातील. वजन वाढलेल्या माणसाचा शर्ट ढिला कसा होतो? घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

४ ऑक्टो., शनिवार
पॅन्ट धुवायला खुंटीवरून काढली. हातातून खालीच गेली.
खिशात चार लोखंडी नट, मुठीएवढे. मिलचे, जुने, गंजलेले. खिशाला आतून दुहेरी शिलाई, यांच्याच हातची.
पंधरा वर्षं पोरांची वजनं करते मी. वाळे, करदोटे, गोधड्या काढून ठेवते. लाल पट्ट्यात पोर गेलं म्हणून कुणी बोलू नये, म्हणून आया काय काय करतात, ते सगळं मला माहीत. म्हणजे मीच समजत होते, माहीत आहे. नवऱ्याचे खिसे बघायचं डोक्यातच आलं नाही. आणि तारीख मीच पुढं ढकलली, माझ्या तोंडानं.
नट परत खिशात ठेवले. दुपारी खिडकीतून पाहिलं. पेज कुत्र्याला चालली होती. भीती वाटते. राग त्याहून जास्त.

६ ऑक्टो., सोमवार
आले. पॅन्ट, स्वेटर. काट्यावर चढले. ५२.६.
आयांना सांगते तेच मी म्हणाले, "आधी खिसे रिकामे करा."
ह्यांनी हात खिशात घातला. मग एक नट काढून टेबलावर ठेवला. पोरांना वाटलं खेळ आहे. सगळी एका सुरात, "एक!" दुसरा. "दोन!" शोभाताई गप करायला गेली, पण कुणी ऐकेना. "तीन! चार!" आणि टाळ्या.
४९.८.
"दोनशे ग्रामनी काय हुतंय?" ह्यांचं म्हणणं. मी आकडा तक्त्यात लिहिला. मग हे हळूच म्हणाले, "त्या वार्डातून माझ्या शेजारचे दोघं घरी न्हाई गेले. मला मिलमधी जाऊ दे. तितं मला कुनी पेशंट म्हनत न्हाई."
रडले मी, पोरांसमोरच. मग हॉस्पिटलात फोन लावला. उद्याच या म्हणाले.

७ ऑक्टो., सकाळ
बॅग भरली. फाईल, चादर, पेजेचा डबा.  हे आत्ता बूट घालून ओट्यावर बसलेत. कारखान्याचे बूट. मी विचारलं, "अवो, निघायचं ना?" मान हलवली. कुठं, ते मी विचारलं नाही.
फाट्यावर पाटसची गाडी अलीकडं थांबते. पुण्यासाठी शिरूरच्या गाडीला रस्ता ओलांडावा लागतो.