देवापुढच्या अर्ध्या गोळ्या

आत्याबाई,

देवळातून आल्या की तुम्ही आधी पोथी उघडता, म्हणून चिठ्ठी तिच्यात ठेवून राह्यले.

हे अन् मी जान्हवीला घेऊन संभाजीनगरला निघालो. सकाळी उठली तर तिचा उजवा पाय गार पडल्ता, बोटं निळी झाल्ती. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणले, हृदयात बसवलेल्या झडपेवर रक्ताची गाठ धरली असंल, जल्दी आणा.

मागच्या तपासणीत रक्त घट्ट निघाल्तं, तवाच त्यांनी विचारल्तं, रक्त पातळ ठेवायची गोळी चुकती का? मी छातीठोक सांगितलं, बिलकुल न्हाई, आजी रोज आपल्या हातानं देतात. वर मेडिकलवाल्याशी भांडून आल्ते, की तुमच्या गोळ्याच नकली.

आज निघताना पोरीला अंगारा लावावा म्हणून देव्हाऱ्यात हात घातला. खंडोबाच्या ताटलीखाली अर्ध्या तोडलेल्या गोळ्या निघाल्या, हळदकुंकू वाहिलेल्या.

दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आल्तं, त्या दिवसापासूनच ना? अर्धी देवाला अन् अर्धी पोरीला? मला एका शब्दानं बोलल्या असत्या तर?

ह्यांना अजून काही सांगितलं न्हाई. भाकरी टोपल्यात हायेत, गाईला पाणी पाजा.

अन् फोन करून तुम्हीच ह्यांना खरं काय ते सांगा. ताटलीखाली हात घालू नका. गोळ्या मी संगं नेल्यात, डॉक्टर मोजणार हायेत.

— कल्याणी