‘गाठ’ म्हणजे भेट, असे वाचावे

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी रुग्णालय.

विषय : दोन डॉक्टरांनी एकाच वेळी, एकाच खोलीत बसण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यास भलत्याच विभागाकडून आलेले उत्तर.

महोदय,

१. माझे पती बेकरीत भट्टीवर कामाला होते. त्यांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ गेल्या वर्षी आपल्याच रुग्णालयात कापून काढली. आता शेजारी नवी आली आहे.

२. शस्त्रक्रिया विभागाचे डॉक्टर म्हणतात, पुन्हा कापता येईल. त्याच जागी परत उगवण्याची भीती कमी. पण यकृत आधीच कापलेले, उरलेल्याला कितपत झेपेल, सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या क्ष-किरण विभागाच्या बाई म्हणतात, सुई घालून उष्णतेने जाळता येईल. त्रास कमी, घरी लवकर. पण कडेला काही शिल्लक राहू शकते. आयुष्याच्या हिशेबात दोघांच्या मते फारसा फरक नाही. दोघेही भले आहेत. दोघेही शेवटी म्हणतात, “तुम्ही घरचे ठरवा.”

३. घरचे म्हणजे मी. दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही म्हणाल तसं,” आणि फोन ठेवला. पती म्हणतात, “जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलो, आता भट्टीच पोटात घालतायत. घालू देत.” दुसऱ्या दिवशी म्हणतात, “नको, कापा.”

४. म्हणून मागील अर्जात लिहिले होते : ‘दोन्ही डॉक्टरांची गाठ एकत्र मिळावी.’ तो अर्ज आपल्या कार्यालयाने प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तर आले : ‘सदर गाठ तपासणीनंतर नियमानुसार नष्ट केली असून नातेवाइकांस देता येत नाही. दुसऱ्या गाठीची नोंद आढळत नाही.’

४. (पुन्हा चारच.) नोंद आढळत नाही, हे वाचून मी जिन्यातच बसले. क्षणभर वाटले, नाहीच की काय.

५. हा मुद्दा लिहून खोडला आहे. त्याचा विचार होऊ नये.

६. गाठ ठरावीक आकारापुढे गेली की सुईचा उपयोग नसतो, असे बाईंनी सांगितले आहे. म्हणजे आम्ही कोणीच ठरवले नाही, तर गाठच ठरवेल. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना मी विचारले, “तुमच्या सख्ख्या भावाचं असतं, तर काय केलं असतंत?” ते म्हणाले, “मला भाऊ नाही.” मग बराच वेळ ते टेबलावरची काच पुसत राहिले.

७. तरी कृपया दोघांना

(सिस्टरने हाक मारली म्हणून येथे थांबले. पुढची शाई वेगळी आहे. अर्ज तोच समजावा.)

एकत्र बसवावे. एकाने ‘कापू’ आणि दुसऱ्याने ‘जाळू’ हे एकमेकांच्या तोंडावर म्हणावे. काय ठरेल ते ठरो. चुकले तरी तक्रार करणार नाही, तसे लिहून देते. फक्त ते माझ्या तोंडून ठरू नये. मला नंतर त्या घरात एकटीने राहायचे असेल.

८. पतींनी आत्ता विचारले, “काय लिहितेस गं एवढं?” मी म्हटले, “डॉक्टरांची गाठ मागतेय.” ते म्हणाले, “मागतेस कशाला? माझ्याकडे आहे की. तीच दे त्यांना.”

सिस्टरसुद्धा हसल्या. मीही हसले, महोदय. आता आपण उत्तर द्यावे.

दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यातून,
आपली नम्र,
(सही)
रुग्णाची पत्नी

सोबत : प्रयोगशाळेचे उत्तर, मूळ प्रत. परत नको.