गोजरबायची मेणवेल

६ जुलै २००३, रविवार

गेली एकदाची. सकाळी सहाला रिक्षा आली आणि रिक्षात बसेपर्यंत तोंड चालूच. डाळीचा डबा घट्ट लाव. पूजाला दुधाची साय काढून दे. गॅस खालून बंद करत जा. आणि सगळ्यात शेवटी वेल.

माझी नणंद, गोजर. हे तिला बाय म्हणतात, म्हणून तोंडावर मीही बाय म्हणते. छातीत गाठ निघाली, परवा मुंबईला ऑपरेशन. माणूस अशा वेळी घाबरतो, कोणाचा तरी हात धरतो. तिने माझा हात धरला तो मला पडवीत ओढून नेण्यासाठी. वेलीची कुंडी दाखवली. जसं काय सहा वर्षांत मी ती कधी पाहिलीच नाही.

"आठ दिवसांनी एकदा पाणी. बोट घालून बघायचं, माती सुकली असली तरच. पावसात तेपण नको. कुंडी जागची हलवायची नाय. फुलं गळली तरी दांडी तोडायची नाय, त्याच दांडीला परत येतात. ऐकलंस का गो?"

ऐकलं. माझ्या बाळंतपणात मला कोणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

९ जुलै

ऑपरेशन काल झालं. नीट झालं म्हणे. हे तिकडेच आहेत.

बरं वाटलं का? खरं लिहायचं तर काहीच वाटलं नाही. भाकऱ्या थापत होते, थापत राहिले.

१३ जुलै

स्वयंपाकघर बदललं. मिठाची बरणी खाली, मसाले वर, तांदळाचं पिंप खिडकीखालून दाराजवळ. सहा वर्षं तिथे कसलीही वस्तू हलवायची माझी हिंमत नव्हती. लग्न होऊन महिनाही झाला नसेल, माझा भात चिकट झाला. बायने परात तशीच उचलली आणि मागच्या अंगणात कुत्र्यापुढे ओतली. शेजारीण लहानी धुणं वाळत घालत होती, तिच्या देखत. हे पाटावर बसलेले. यांनी मान वर केली नाही.

आणि ती वेल. होया नाव आहे तिचं, पण आळीत सगळे मेणाची वेल म्हणतात. जाड चकचकीत पानं, तारेच्या कड्यावर गुंडाळलेली. उन्हाळ्यात गुलाबी फुलांचे झुबके येतात, एकेक फूल मेणातून काढल्यासारखं. संध्याकाळ झाली की वास सुटतो. सासर कायमचं सोडून आली त्या वर्षी कल्याणच्या कुठल्याशा प्रदर्शनातून तिने आणली. माझ्या आधीपासून घरात आहे, म्हणून मानही माझ्या आधी. पूजाने एकदा फुलाला बोट लावलं. तीन वर्षांची पोर. तर बाय तिला नाही, मला बोलली. "आईने नको का शिकवायला?"

१९ जुलै

वेलीला तांब्याभर पाणी घातलं. परवाही घातलं होतं. बाहेर पाऊस चालू आहे.

मुद्दाम? हो, मुद्दाम.

२ ऑगस्ट

हे मुंबईहून आले. पुढे औषधांच्या सलाईन लावायच्या आहेत, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे जानेवारीपर्यंत ती कुर्ल्याला मावशींकडेच राहणार. सहा महिने! मी चुलीकडे तोंड करून हसले.

"बायने काय विचारलं?" मी म्हटलं.

"वेलीचं विचारलं."

"आणि?"

"आणि काय. बरी आहे म्हणालो."

पूजाचं नाही. माझं तर नाहीच. मी उठले आणि आणखी एक तांब्या ओतून आले.

२३ ऑगस्ट

खालची पानं पिवळी पडली. चार गळली. हाताला मऊ लागतात, सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखी. बघून वाटलं, थांबावं आता.

थांबले नाही.

७ सप्टेंबर

वेल हातात आली. नुसती उचलून बघितली तर बुंध्यापासून सुटली. मुळं काळी, चिखल झालेली, कुजका वास. मागे उकिरड्यात टाकली, वरून शेण ओढलं.

वाटलं होतं आनंद होईल. अर्धा दिवस झालाही. मग हे कुर्ल्याहून आले आणि जेवताना सांगायला लागले. बायचे केस गेले सगळे. तोंडात फोड आले आहेत, पेजसुद्धा जात नाही. मावशींनी विचारलं, कशात मन रमवतेस गो, तर म्हणाली, "माझ्या वेलीला मे महिन्यात फुलं येतील, तवर मी घरी पोचेन."

मी ताट बाजूला सारलं. तिची दया आली म्हणून नाही. भीतीने. ती येणार आणि थेट पडवीत जाणार. मग या घरात माझं काही खरं नाही.

यांनी पडवीत नजरही टाकली नाही. जेवून परत वाशिंदला गेले. कारखान्यात हल्ली डबल ड्यूटी आहे.

११ सप्टेंबर

शहापुरातल्या नर्सरीत गुलाब आणि क्रोटन सोडून काही नाही. होया म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, "कुठला होय?" म्हणून माहेरी जाते सांगून मुरबाडची एसटी पकडली. रस्त्याला देवरामची नर्सरी आहे, भावाने सांगितली. हिरव्या जाळीखाली कोपऱ्यात टांगलेली होती. एकच. तीच पानं, तशीच जाड.

"ही तीच का? गुलाबी फुलांची?" मी विचारलं.

"पान बघा ना ताई. तीच."

"तुम्ही फूल पाहिलंय?"

"इथं नाय फुलली अजून. पण होयाला फूल गुलाबीच येतं." मग मला नीट बघून म्हणाला, "आधीची मेली का?"

मी हो म्हटलं.

"पाणी जास्त झालं असंल. लोकं पाणी घालून मारतात हिला. फार माया करतात."

त्याने मातीत विटांचे बारीक तुकडे, नारळाचा भुसा आणि थोडा कोळसा घालायला सांगितलं, म्हणजे पाणी साचत नाही. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. मोठ्या कुंडीत घालायची घाई करायची नाही, मुळं दाटली तरच फुलते. मी सगळं पाठ केलं. परत येताना एसटीत मांडीवर धरून बसले होते. एक बाई म्हणाली, किती जपताय.

बायच्याच कुंडीत लावली. बायच्याच कड्यावर गुंडाळली. जुनी दहा वेढ्यांची होती, ही तीन वेढ्यांची. कीड लागली म्हणून छाटली असं सांगेन.

३० नोव्हेंबर

कीड खरंच लागली. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके. तीन दिवस साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसते आहे. कंबर मोडली.

हे तिच्यासाठी नाही. पकडली जाऊ नये म्हणून.

२४ डिसेंबर

दोन नवी पानं. लालसर, बोटाच्या पेराएवढी. पूजाला दाखवली. नंतर स्वतःचाच राग आला.

१८ जानेवारी २००४, रविवार

आली. डोक्याला रुमाल, गालफडं बसलेली, साडीत माणूस आहे की नुसती साडी कळेना. रिक्षातून उतरली ती घरात न येता पडवीतल्या बाकावर बसली. वेलीकडे बघत राहिली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

तिने कुंडीत बोट घातलं. माती चोळली. पान उलटं करून पाहिलं.

"छाटलीस?"

"कीड लागली होती. खराब झालेलं सगळं काढलं."

"हं."

एवढंच. मग आत गेली आणि पाचव्या मिनिटाला आवाज आला, "मिठाची बरणी कुनी हलवली?"

संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर होतं तसं झालं.

१० फेब्रुवारी

डावा हात तिचा वर जात नाही. आंघोळ मी घालते. रोज. पहिल्या दिवशी ती शिवण पाहिली, काखेपासून खालपर्यंत. मी दुसरीकडे बघितलं. तिने ते बघितलं.

"बघ नीट. खोटं नाय आजारी पडले," म्हणाली.

आज पाणी जरा कढत झालं तर, "सोलून काढतेस का मला?" उद्या गारच घालणार आहे.

२ मार्च

गार पाणी घातलं नाही. लिहून ठेवते, कारण मला स्वतःला पटत नाही.

बाकी सगळं तसंच. भाजीत तेल जास्त, पूजाची वेणी सैल, उंबरा नीट पुसला नाही. जीव गेला नाही तो जिभेत उतरलाय. केस परत यायला लागलेत, बोटभर. पोरासारखी दिसते.

३ मे

कळ्या! दांडीच्या टोकाला बारीक हिरव्या गुंड्या, एका झुबक्यात पंधरा-सोळा. पूजा ओरडत आली. बाय भिंत धरत पडवीत गेली आणि तिथेच बसून राहिली. जेवायलाही तिथेच वाढ म्हणाली.

मला सुटल्यासारखं झालं. आता फुलली की संपलं. कोणाला काही कळणार नाही.

१४ मे

फुलं पांढरी आली.

सकाळी मी झाडू घेऊन पडवीत गेले तर बाय आधीच बाकावर. झुबका पूर्ण उमललेला. पांढराशुभ्र, मधे जरासा तांबूस ठिपका. मी झाडू धरून उभी राहिले. देवरामला शिव्या द्याव्या की स्वतःला, कळेना.

"पांढरी," बाय म्हणाली.

"कधी कधी रंग बदलतो म्हणतात, छाटल्यावर," मी म्हटलं.

"आता बस कर गो."

ती ओरडली असती तर मी ओरडले असते. ती शांत होती.

"मी आले त्याच दिवशी कळलं मला. माझ्या वेलीला जुन्या दांड्या होत्या, दरसाल फुललेल्या. हिला एक नव्हती. कितीही छाटली तरी एखादी राहिलीच असती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाट बघत होते. म्हटलं, सांगंल. चार महिने माझी पाठ चोळलीस. एक दिवस सांगंल असं वाटत होतं."

मी सांगितलं. सगळं. तांब्यामागून तांब्या, पावसातसुद्धा. मुळं, उकिरडा, मुरबाड. "चुकून नाही मेली बाय. मी मारली," असं म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. चुकून मेली म्हटलं असतं तर चाललं असतं.

ती फुलांकडे वळली.

"तिकडं उलट्या करून करून जीव नकोसा व्हायचा," ती म्हणाली. "तवा ती वेल डोळ्यांपुढं आणायचे. आन तू इथं..." उठली. मी हात द्यायला गेले तर माझा हात झटकला.

१७ मे

बोलत नाही. आंघोळ स्वतःच करते, एका हाताने. मोरीतून तांब्या पडल्याचा आवाज येतो. मी जात नाही.

२९ मे

आता मागच्या पडवीत स्टोव्ह मांडलाय. स्वतःपुरता भात, स्वतःपुरती डाळ. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको. निरोप पूजाकडून. "आत्या म्हणते काडेपेटी दे." दिली नाही. पूजा रडली. मग लहानीकडून आणली तिने काडेपेटी, आणि लहानी अंगणात उभी राहून सगळं बघून गेली. आता आळीभर होणार.

यांना सांगायला हवं, पण हे घरी असतात कुठे? आठवड्यातून एक दिवस. आले की झोपतात.

वेलीला पाणी मी घालते. ती बघत असते. एकमेकींकडे बघत नाही.

८ जून

आज मीच बोलले. "बाय, काय शिक्षा द्यायची ती द्या, पण हे बंद करा."

"मी कोन तुला शिक्षा देनारी," म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारत राहिली.

मेली असती तर बरं झालं असतं. लिहिलं. खोडणार नाही.

२० जून, रविवार

यांनी वाशिंदला दुसरा संसार मांडलाय. दोन वर्षं झाली. बाई आहे, तान्हा मुलगा आहे. आज दुपारी येऊन स्वतःच सांगितलं. त्यांना इथे आणायचं आहे, तू पूजाला घेऊन मुरबाडला जा, म्हणाले. मी बॅग खाली काढली. काय भरू सुचेना, पूजाचे फ्रॉक नुसते हातात धरून बसले.

बाय मागच्या दाराने आत आली. महिन्याभरात माझ्या खोलीत पहिल्यांदा. बॅग माझ्यापुढून उचलली आणि यांच्या पायाशी टाकली.

"वाल्मिक, तुझे कपडे भर. ही नाय जानार."

"बाय, तू माझी बहीण ना?"

"हाय. माझ्या नवऱ्याने सवत आणली तवा माझी बॅग भरायला सगळं घर पुढं आलं होतं. या घरात तसं मी होऊ देनार नाय. बाबांनी घर आपल्या दोघांच्या नावावर केलंय. जा तू."

हे फाटकापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग गेले. बायने दाराला आतून कडी लावली.